मेल परत आला तर आधी कुणी परत लावला ते बघा

या वेळच्या पत्रांत एकच दुखणं फार आलंय. सर्व्हर आपला नीट चाललाय, कुणाला फालतू जाहिराती पाठवत नाही, तरी समोरून मेल परत येतोय आणि कारण काय तर म्हणे ब्लॉकलिस्ट, म्हणजे ज्यांच्याकडून मेल घेऊ नये अशा आयपींची (इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यांची) यादी. म्हणून यावेळी प्रिंटरवाल्यांचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका. पत्रं जरा कापलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न (कुपवाड एमआयडीसी) : सर, आमचं कास्टिंगचं छोटं युनिट आहे. भाच्यानं ऑफिसातच मेल सर्व्हर बसवून दिला होता, व्यवस्थित चालत होता. मध्यंतरी नेटवाला बदलला, नवा स्टॅटिक आयपी मिळाला, तेव्हापासून पुण्याच्या दोन मोठ्या पार्ट्यांना कोटेशन जाईना. परत येतंय त्यात ५५० आणि स्पॅमहाउस असं कायतरी लिहिलंय. आम्ही दिवसाला वीसपंचवीस मेल पाठवणारी माणसं, आमचं नाव चोरांच्या यादीत कुणी घातलं?

उत्तर : दादा, चोर कुणी म्हटलेलं नाही, जरा दमानं घ्या. आधी तो परत आलेला मेल शेवटपर्यंत वाचा. बहुतेक लोक वरची "डिलिव्हरी फेल" एवढी ओळ बघतात, त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर भाच्याला टाकतात आणि खरं कारण असतं खाली त्या बारीक अक्षरांत. तिथं तीन गोष्टी सापडतात : नकार कुणाच्या सर्व्हरनं दिला, त्यानं कुठल्या यादीचं नाव घेतलं (तुमच्याकडं स्पॅमहाउस, ही अशा याद्या चालवणारी संस्था) आणि तुमचा कुठला आयपी धरला. आकडा ५ नं सुरू झाला म्हणजे कायमचा नकार, ४ नं सुरू झाला म्हणजे थोड्या वेळानं परत ये, तुमचा सर्व्हर आपणहून परत जातो, तिथं हात लावायची गरज नसते.

आता ही यादी चालते कशी ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत पॉल व्हिक्सी यांनी अशी पहिली यादी सुरू केली आणि लवकरच ती डीएनएसमधून (नावावरून पत्ता शोधून देणारी इंटरनेटची यंत्रणा) विचारता यायला लागली, पद्धत आजही तीच आहे. तुमचा आयपी समजा २०३.०.११३.५ आहे. तुम्ही पुण्याच्या सर्व्हरचं दार वाजवलं की तो तुमचा आयपी उलटा करतो आणि पुढं यादीचं नाव जोडतो, ५.११३.०.२०३.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग, आणि या नावाचा पत्ता डीएनएसला विचारतो. उत्तरच आलं नाही तर तुम्ही यादीत नाही. १२७.०.० नं सुरू होणारं उत्तर आलं तर आहात. शेवटचा आकडा सांगतो कशासाठी आहात, २ म्हणजे स्पॅम पाठवणारा म्हणून माणसानं बघून नोंदवलेला, ३ म्हणजे मशीनच्या नजरेत संशयास्पद पाठवणारा, ४ ते ७ म्हणजे व्हायरस लागलेलं किंवा हॅक झालेलं मशीन, आणि १० किंवा ११ म्हणजे पॉलिसी लिस्ट.

तुम्ही कळवलेल्या मजकुरावरून तुमचं प्रकरण या शेवटच्या पॉलिसी लिस्टचं, म्हणजे पीबीएलचं आहे. तिथं गुन्हा वगैरे काही नोंदलेला नसतो. या आयपीवरून थेट मेल यायला नको, इथं घरगुती किंवा बदलते कनेक्शन आहेत, एवढंच तिचं म्हणणं आणि बऱ्याचदा ते आयपी तिथं नेटवाल्यानंच स्वतः कळवलेले असतात. तुमच्या नेटवाल्यानं काय केलं असणार, आधी घरगुती ग्राहकांना वाटायचे त्याच पट्ट्यातला एक आयपी काढून तुम्हाला "स्टॅटिक" म्हणून दिला आणि पट्टा कागदावर तसाच राहिला. यात तुमची चूक नाही आणि खरं सांगायचं तर स्पॅमहाउसचीही नाही.

नाव काढायला जायच्या आधी नेटवाल्याला फोन लावून रिव्हर्स डीएनएस (त्यालाच पीटीआर रेकॉर्ड म्हणतात) करून घ्या, म्हणजे तुमच्या आयपीवरून विचारलं की तुमच्या मेल सर्व्हरचं नाव यायला पाहिजे आणि त्या नावावरून परत तोच आयपी. हे काम तुमच्या डोमेनच्या पॅनेलमधून होत नाही, आयपी ज्याचा त्यालाच करावं लागतं, आणि कॉल सेंटरची पोरगी "सर, राउटर रीस्टार्ट करा" म्हणेल, तिथं न चिडता "पीटीआर रेकॉर्ड पाहिजे, लेखी तक्रार घ्या" एवढंच म्हणत राहायचं. ते झालं की मग स्पॅमहाउसच्या तपासणीच्या पानावर आयपी टाका, पीबीएलमधून एकटा आयपी काढायची सोय तिथं फुकट आहे. उलट क्रमानं कराल तर नाव निघेल पण पुढचा सर्व्हर रिव्हर्स डीएनएस नाही म्हणून अडवेल आणि तुम्ही परत मलाच पत्र लिहाल. आणि नेटवाला अगदीच ऐकेना तर ऑफिसातला सर्व्हर ठेवा पण बाहेर जाणारा मेल एखाद्या नावाजलेल्या रिले सर्व्हिसमधून (तुमच्या वतीनं मेल पुढं पोचवणारी) काढा, पोर्ट ५८७ वरून युजरनेम पासवर्ड देऊन. थोडे पैसे जातील पण कोटेशन वेळेवर पोचेल, आणि धंद्यात तेवढंच बघायचं असतं.

तोवर पुण्याच्या पार्टीला फोन करून त्यांच्या आयटीवाल्याला सांगा की हा आयपी तुमच्याकडं मोकळा करून ठेवा. यादीवाला फक्त मत देतो. मेल घ्यायचा की नाही हे ठरवतो समोरचा सर्व्हर, आणि त्याचा मालक माणूस असतो, त्याला फोन करता येतो. आयटीवाल्याचा नंबर मिळत नसेल तर दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावरून त्यांच्या डोमेनच्या पोस्टमास्टर या पत्त्यावर लिहा, मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेननं तो पत्ता चालू ठेवायचा असा मेलच्या मूळ नियमांतच दंडक आहे. पाळतात किती ते सोडा.

प्रश्न (तासगाव) : आमची बेदाण्याची पेढी आहे. वेबसाइट आणि मेल दोन्ही एकाच स्वस्तातल्या होस्टिंगवर. मुंबईच्या एका खरेदीदाराकडून मेल परत आला म्हणून पुतण्यानं ऑनलाइन तपासलं तर एका यादीपुढं लाल खूण दिसली, यूसीईप्रोटेक्ट लेव्हल ३. तिथं पैसे भरून लवकर नाव काढायची सोय आहे असं दिसतंय. सौदे तोंडावर आहेत, भरून टाकू का?

उत्तर : एक रुपया भरू नका ताई.

त्या यादीच्या तीन पायऱ्या आहेत. लेव्हल १ मध्ये एकटा आयपी असतो, नव्यानं काही उद्योग झाला नाही तर सात दिवसांनी तो आपोआप निघतो. लेव्हल २ मध्ये आजूबाजूचा पट्टा. लेव्हल ३ मध्ये कंपनीचं अख्खं नेटवर्क, म्हणजे तुमच्या होस्टिंगवाल्याचे हजारो लाखो आयपी एका झटक्यात. चौथ्या मजल्यावर कुणीतरी दारू गाळताना सापडला म्हणून पूर्ण सोसायटीचं दूध बंद करायचं, असा तो न्याय. यादी चालवणारे स्वतःच सांगतात की लेव्हल ३ कडक लोकांसाठी आहे आणि हिच्यावरून मेल अडवले तर निर्दोष माणसंही भरडली जातील. एवढं त्यांनीच सांगून ठेवलंय तर डोकं ठिकाणावर असलेला अॅडमिन तिच्यावरून मेल नाकारत नाही. नाव काढायचे पैसे मागणाऱ्या यादीला मी तरी यादी मानत नाही, त्यातून आज पैसे भरून सुटलात तरी उद्या त्याच होस्टिंगवरचा आणखी कुणी घाण करणार आणि तुम्ही परत आत.

आता मुद्द्याचं. तपासणीच्या साइटवर शंभरेक याद्या ओळीनं दिसतात, त्यात कुठंतरी लाल दिसलं की पोटात गोळा येतो, पण त्या शंभरातल्या बहुतेक कुणी विचारतच नाही. तुमचा मुंबईचा मेल लेव्हल ३ मुळंच परत आला हे कशावरून? परत आलेल्या मजकुरात कुणाचं नाव आहे ते बघा. तुम्ही पत्रासोबत जे पान जोडलंय त्यात तर यूसीईप्रोटेक्टचा उल्लेखच नाही, तिथं स्पॅमहाउस आहे आणि उत्तराचा आकडा आहे ३. म्हणजे रोग वेगळा आणि तुम्ही औषध भलत्याचंच आणायला निघाला होता.

३ आलाय याचा अर्थ त्या आयपीवरून हल्ली खरोखर काहीतरी वाईट गेलंय. ते तुमच्याकडून गेलं की शेजाऱ्याकडून हे बघायला पाहिजे, स्वस्तातल्या होस्टिंगवर एकाच आयपीवरून शेकडो डोमेनचा मेल बाहेर पडतो. आधी आपलं घर तपासा. सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदला, विशेषतः ते "इन्फो" नावाचं खातं ज्याचा पासवर्ड पेढीच्या नावापुढं १२३ असतो (आहे ना?), आणि वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म असेल तर त्यातून कुणी भलत्याच पत्त्यांवर मेल सोडत नाही ना ते पुतण्याला बघू दे. आपलं स्वच्छ निघालं तर होस्टिंगवाल्याला तिकीट टाका आणि तो आकडा, तो आयपी, बाउन्सची (परत आलेल्या मेलची) ओळ जशीच्या तशी त्यात चिकटवा. नुसतं "मेल जात नाही" लिहिलं तर ते तुम्हाला कॅशे साफ करायला सांगतील. आयपी बदलून मागा. देत नसतील तर वेबसाइट तिथंच राहू दे आणि मेल तेवढा वेगळ्या चांगल्या ठिकाणी हलवा, दोन्ही एकाच छपराखाली पाहिजेत असा काही नियम नाही. फक्त सौद्यांच्या आठवड्यात हलवू नका, एमएक्स रेकॉर्ड (तुमचा मेल कुठं पोचवायचा ते सांगणारी नोंद) सगळीकडं पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कुणाचा भाव हुकला तर पुतण्याचं खरं नाही.

प्रश्न (सातारा, एका कॉलेजचा सिस्टीम सांभाळणारा) : सर, आमची केस उलटी आहे. आमचाच सर्व्हर सगळ्यांना नाकारतोय. पालक, विद्यापीठ, बँक, जीमेल, कुणाचाच मेल आत येत नाही, प्रत्येकाला सांगतोय की तुम्ही ब्लॉकलिस्टमध्ये आहात. मी सेटिंगला हातही लावलेला नाही. फक्त मागच्या आठवड्यात नेट स्लो म्हणून डीएनएस ८.८.८.८ केला. प्राचार्य रोज केबिनमध्ये बोलावतायत.

उत्तर : "हातही लावलेला नाही, फक्त डीएनएस बदलला." मास्तर, हे वाक्य प्राचार्यांपुढं बोलू नका.

झालंय असं की स्पॅमहाउस फुकट विचारणाऱ्यांना सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून (तुमच्या वतीनं डीएनएसला विचारणारा सर्व्हर) उत्तर देत नाही, कारण गूगलच्या ८.८.८.८ मागून कोण किती वेळा विचारतंय ते त्यांना कळत नाही. अशा वेळी ते गप्प बसत नाहीत, १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर पाठवतात, म्हणजे "तुम्ही चुकीच्या वाटेनं विचारताय". फार जास्त विचारलंत तर शेवटी २५५ येतो आणि यादीचं नावच चुकीचं टाइप केलं असेल तर २५२. माणसानं वाचलं तर सगळं स्पष्ट आहे. पण तुमच्या पोस्टफिक्समध्ये (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) यादी बघून नकार देणाऱ्या रिजेक्ट आरबीएल क्लायंटच्या ओळीत नुसतं यादीचं नाव लिहिलंय, त्यामुळं काहीही उत्तर आलं की तो समजतो सापडला चोर. म्हणून पालकही चोर, विद्यापीठही चोर.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. त्याच सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर चालू करा, त्यासाठीचं अनबाउंड नावाचं सॉफ्टवेअर बसवायला फार वेळ लागत नाही, आणि तो पुढं कुणाकडं फॉरवर्ड न करता स्वतः विचारेल असा ठेवा. मग त्या ओळीत यादीच्या नावापुढं बरोबरचं चिन्ह टाकून १२७.०.०.[२..११] लिहा, म्हणजे खऱ्या नोंदीलाच नकार जाईल, बाकी उत्तरांकडं तो दुर्लक्ष करेल. छोट्या बिगरव्यापारी वापराला स्पॅमहाउसकडून स्वतःची की (तुमची ओळख पटवणारा कोड) पण फुकट मिळते, ती घेतली तर आणखी बरं.

आता तुमच्या कॉन्फिगमध्ये ज्या बाकीच्या याद्या आहेत त्यांच्याकडं वळतो, कारण पत्रासोबतची फाइल बघून मला घामच फुटला. त्यातली एएचबीएल कधीचीच बंद झालीय. त्यांनी बंद करतोय म्हणून सांगितलं, तरी लोक विचारत राहिले, शेवटी १ जानेवारी २०१५ पासून त्यांनी कुणाबद्दलही विचारलं तरी "हो, यादीत आहे" असं उत्तर द्यायला सुरुवात केली. ऑसिरुसॉफ्ट नावाच्या यादीनं तर ऑगस्ट २००३ मध्येच, हल्ल्यांना वैतागून, अख्खं जग यादीत घातलं होतं. सॉर्ब्ज त्यातल्या त्यात शहाणी, २०२४ च्या जूनमध्ये बंद झाली ती याद्या रिकाम्या करून. आणि जिवंत यादीचाही भरवसा असा, ३१ जानेवारी २०२१ ला रविवारी स्पॅमकॉपच्या डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं, ती यादी सिस्कोसारख्या कंपनीची बरं का, तर ते डोमेन पार्किंगच्या पानाकडं गेलं, कुठलंही नाव विचारा त्याला पत्ता मिळायला लागला आणि जगभरचे सर्व्हर सज्जनांचे मेल परत लावत बसले. डोमेन लवकरच परत मिळालं पण गेलेले मेल गेले.

म्हणून यादी कुठलीही असो, तिची परीक्षा घ्यायची एक सोपी रीत आहे, आणि ती याद्यांच्या नियमावलीतच, आरएफसी ५७८२ मध्ये लिहिलेली आहे. १२७.०.०.२ हा आयपी प्रत्येक यादीत असलाच पाहिजे आणि १२७.०.०.१ कधीच नसला पाहिजे. म्हणजे २.०.०.१२७ पुढं यादीचं नाव लावून विचारा, उत्तर यायला हवं. १.०.०.१२७ लावून विचारा, उत्तर येता कामा नये. पहिल्याला उत्तर नाही तर यादी मेलीय. दुसऱ्यालाही उत्तर येतंय तर यादी पिसाळलीय, ती ओळ आत्ताच्या आत्ता काढा. हे रोज रात्री आपोआप तपासून तुम्हाला मेसेज करेल असं चार ओळींचं स्क्रिप्ट लिहून ठेवा. आणि शक्य असेल तिथं एका यादीवरून थेट नकार देण्यापेक्षा दोनतीन याद्यांचे मार्क मिळून ठरवा, पोस्टफिक्सच्याच पोस्टस्क्रीनमध्ये ती सोय आहे. एक यादी वेडी झाली तरी मेल आत येत राहतो.

प्रश्न (सातारा, सदरबझार) : आम्ही सीए ऑफिस चालवतो. ऑफिसातून मेल जातो, पण रात्री घरून लॅपटॉपवरून पाठवला की आमचाच सर्व्हर म्हणतो तुमचा आयपी ब्लॉकलिस्टमध्ये आहे. घरचं नेट खराब आहे का?

उत्तर : घरच्या नेटला काही झालेलं नाही. घरचे आयपी पॉलिसी लिस्टमध्ये असतातच, तिथंच असायला हवेत, त्यामुळं व्हायरस लागलेला घरचा कॉम्प्युटर परस्पर मेल उडवू शकत नाही. चुकतोय तुमचा सर्व्हर लावणारा. पासवर्ड देऊन आत आलेल्या आपल्या माणसाला यादी विचारायचीच नसते, ती बाहेरच्या सर्व्हरसाठी. त्याला सांगा, लॉगिन झालेल्यांना परवानगी देणारी ओळ यादीच्या ओळीच्या वर आण. आणि लॅपटॉपमध्ये पोर्ट २५ असेल तर ५८७ करा. रिटर्नच्या सीझनआधी करून घ्या.

प्रश्न (वाई) : आमच्या होमस्टेच्या बुकिंगचे कन्फर्मेशन मेल जीमेलवाल्यांच्या स्पॅममध्ये जातात. सगळ्या याद्यांत तपासलं, सगळीकडं हिरवं. मग अडतंय कुठं?

उत्तर : याद्यांत नाहीच अडत. मेल स्पॅममध्ये पडला याचा अर्थ त्यांनी तो घेतला, फक्त मागच्या खोलीत ठेवला. जीमेल मुख्यतः स्वतःच्या हिशोबानं चालतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं नियम कडक केलेत, जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ (तुमच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) तरी पाहिजे, आणि दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्याला दोन्ही, वर डीएमएआरसी (ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आणि एका क्लिकमध्ये नाव कमी करायची सोय. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायच्या हे वेगळंच. तुम्ही ५००० पाठवत नाही हे माहितीय, तरी तिन्ही रेकॉर्ड लावाच. आणि तुमच्या कन्फर्मेशनमध्ये लाल मोठ्या अक्षरांत स्ट्रॉबेरी सीझन ऑफर, तीन शॉर्ट लिंक आणि सगळा मजकूर एका फोटोत असा प्रकार आहे, तो काढा. बुकिंग झालं, तारीख ही, पत्ता हा, एवढं साधं लिहा. जुन्या पाहुण्यांना दिवाळीचा एकगठ्ठा मेल त्याच पत्त्यावरून पाठवत असाल तर तोही वेगळ्या पत्त्यावरून पाठवा.

प्रश्न (मिरज, निवृत्त) : माझ्या मुलाच्या कंपनीचं या असल्या याद्यांमुळं नुकसान झालं. हे यादीवाले कोण लागून गेले? यांच्यावर सरळ दावा ठोकता येत नाही का?

उत्तर : काका, एकानं ठोकला होता. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ई३६० नावाच्या मेल मार्केटिंग कंपनीनं २००६ मध्ये स्पॅमहाउसवर दावा लावला. स्पॅमहाउस तेव्हा लंडनची संस्था, तिनं अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार आपल्यावर चालत नाही म्हणत बचाव सोडून दिला, त्यामुळं एकतर्फी निकाल लागला, भरपाई १.१७ कोटी डॉलर. मग अपील झालं, नुकसान खरंच किती ते सिद्ध करा म्हटल्यावर २०१० मध्ये तो आकडा २७,००२ डॉलरवर आला. परत अपील. २०११ मध्ये वरच्या कोर्टानं शेवटी दिले ३ डॉलर. तीन डॉलर, काका. वकिलाचा चहासुद्धा त्यात झाला नसेल.

तुमचा राग मला कळतो, पण यादीवाला म्हणतो मी फक्त माझं मत छापतो, ते मानायचं की नाही हे मेल घेणारा ठरवतो, आणि या म्हणण्याला धरून पाडणं सोपं नाही. मुलाला सांगा बाउन्सची ती खालची ओळ मला पाठव, आयपी आणि यादीचं नाव दिसेल अशी. दाव्यापेक्षा त्यातून लवकर सुटेल. प्रिंटरवाले पुढच्या अंकात.